आधी बाजार, मग सातबारा : हवाईच्या तिसऱ्या कामेहामेहाची जमीनवाटणी

हवाईच्या राजांपैकी बाहेरच्या जगाला आठवतो तो कालाकाउआ. इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे लावणारा, १८८१ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला आणि त्या फेरीत कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला येऊन पारशांचे दोखमे पाहून गेलेला हौशी राजा. त्याच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. पण राज्य आधुनिक करण्याचं अवघड काम त्याच्या एक पिढी आधी होऊन गेलं होतं, आणि त्याची किंमत कालाकाउआच्या काळात नुसती वसूल होत होती. ते काम केलं तिसऱ्या कामेहामेहाने. त्याचं मूळ नाव काउइकेआओउली. १८२५ ते १८५४ अशी जवळजवळ तीस वर्षं तो गादीवर होता. हवाईच्या कुठल्याच राजाला इतकी लांब कारकीर्द मिळाली नाही. लिखित हक्कनामा, राज्यघटना, विधिमंडळ, न्यायालयं, इंग्लंड-फ्रान्सची मान्यता हे सगळं त्याच्याच काळातलं.

या कारकिर्दीतला एकच निर्णय इथे तपासायचा आहे : १८४८ची ‘माहेले’, म्हणजे राजा आणि सरदार यांच्यातली जमिनीची वाटणी, आणि तिच्या पाठोपाठ आलेले १८५०चे तीन कायदे. प्रश्न साधा आहे. ज्या राजाला आपल्या रयतेची काळजी होती, आणि ती खरोखर होती याचे पुरावे आहेत, त्याच्याच सहीने रयतेच्या हाती एकूण जमिनीचा शंभरावा हिस्सासुद्धा का राहिला नाही?

आधीची व्यवस्था

हवाईत जमीन कुणाच्या मालकीची नव्हती, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मालकी नव्हती, पण हक्कांची उतरंड चांगली घट्ट होती. बेटाचे मोठे भाग, त्यांच्या पोटात ‘आहुपुआआ’ नावाचे पट्टे. हा पट्टा साधारणपणे डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळ खडकापर्यंत उतरत यायचा. वर लाकूडफाटा, मध्ये पाटाच्या पाण्यावरची अळूची खाचरं, खाली मत्स्यतळी आणि किनारा. अळूचे कंद हेच तिथलं मुख्य अन्न, त्यामुळे पाण्याची वाटणी हीच खरी जमिनीची वाटणी. पट्ट्यावर सरदाराच्या वतीने ‘कोनोहिकी’ कारभार पाहायचा. कसणारी माणसं, म्हणजे ‘माकाआइनाना’, सरदाराला उत्पन्नाचा भाग आणि ठरावीक दिवसांची वेठ द्यायची. त्या बदल्यात त्यांना खाचर, पाणी, जंगलातला पाला-लाकूड आणि किनाऱ्यावरची मासेमारी मिळायची. सरदार जाच करू लागला तर कुळाला उठून दुसऱ्याच्या पट्ट्यात जायची मुभा होती. जाचाला आळा बसायचा तो मुख्यतः याच भीतीने.

नवा राजा गादीवर आला की जमिनींचं नव्याने वाटप व्हायचं. सरदार बदलायचे, कसणारे बहुधा जागच्या जागी राहायचे. १८२४ साली दुसरा कामेहामेहा लंडनमध्ये गोवराने गेला आणि अकरा-बारा वर्षांचा काउइकेआओउली राजा झाला, तेव्हा मात्र सरदारांच्या सभेने हे फेरवाटप होऊ दिलं नाही. ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्या वारसांकडे राहील, असं ठरलं. म्हणजे सरदारांच्या बाजूने खाजगी मालकीकडे पहिलं पाऊल माहेलेच्या २३ वर्षं आधीच पडलं होतं. सगळा दोष मिशनऱ्यांच्या माथी मारणाऱ्या मांडणीत ही गोष्ट हमखास निसटते.

या पोरसवदा राजाच्या भोवती काय चाललं होतं, तेही पाहू. चंदनाच्या व्यापारात सरदार अमेरिकी व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडाले होते आणि वसुलीसाठी अमेरिकी युद्धनौका येऊन गेल्या होत्या. देवमाशाच्या शिकारीची जहाजं शेकड्यांनी लाहाइना आणि होनोलुलूला टेकत होती. दुसरीकडे १८२०मध्ये आलेल्या मिशनऱ्यांनी हवाई भाषेला लिपी दिली आणि अक्षरांची अक्षरशः लाट आली. १८३०च्या सुमारास ५० हजारांवर माणसं शाळांत बसत होती, त्यात बहुतेक प्रौढ. आपलं राज्य हे अक्षरांचं राज्य असेल, असं या राजाने जाहीर केलं होतं.

आणि माणसं मरत होती. मिशनऱ्यांच्या १८३२च्या गणनेत लोकसंख्या १,३०,३१३ भरली, १८३६मध्ये १,०८,५७९. १८५०च्या शिरगणतीत ती ८४,१६५ होती. पुढचं सगळं वाचताना हे आकडे विसरू नयेत. हवाईत तेव्हा जमीन कमी पडत नव्हती, ती कसणारे हात कमी पडत होते. ओस पडलेली खाचरं परक्या माणसाला ‘पडीक जमीन’ दिसत होती.

भीती कशाची होती

१८३९च्या जुलैत फ्रेंच युद्धनौका ‘आर्तेमीझ’ होनोलुलूसमोर उभी राहिली. कॅथलिकांना मोकळीक द्या आणि हमी म्हणून २० हजार डॉलर ठेवा, नाहीतर तोफा डागतो, असा तिचा निरोप होता. पैसे गोळा करून द्यावे लागले. पुढच्या वर्षी न्यूझीलंड ब्रिटनच्या हाती गेलं, १८४२मध्ये ताहिती फ्रान्सच्या संरक्षणाखाली आलं. पॅसिफिकमधली बेटं एकेक करून नकाशावर रंगत होती आणि होनोलुलूत बसलेल्या माणसांना हे दिसत होतं. डेव्हिड मालो या हवाई विद्वानाने १८३७मध्येच एका पत्रात सरदारांना बजावलं होतं की, खोल समुद्रातून अनोळखी मोठे मासे येतात आणि उथळ पाण्यातल्या लहान माशांना गिळतात.

१८४३ साली हा प्रसंग थेट अंगावर आला, आणि तोही जमिनीच्या भांडणातून. ब्रिटनचा राजप्रतिनिधी (कॉन्सल) रिचर्ड चार्लटन होनोलुलूतल्या एका जागेवर २९९ वर्षांचा भाडेपट्टा सांगत होता. १८२६मध्ये कालानिमोकू या सरदाराने तो दिला, असा त्याचा दावा. असा पट्टा देण्याचा अधिकार कालानिमोकूला नव्हताच, असं राजाचं सरकार म्हणत होतं. चार्लटनने ही आणि इतर गाऱ्हाणी वर नेली. फेब्रुवारीत ‘कॅरिसफोर्ट’ हे जहाज घेऊन लॉर्ड जॉर्ज पॉलेट आला आणि २५ फेब्रुवारी १८४३ला राजाने निषेध नोंदवून राज्य तात्पुरतं ब्रिटिशांच्या हवाली केलं. पाच महिने किल्ल्यावर ब्रिटिश निशाण होतं. जेरिट जड हा मिशनरी डॉक्टर तेव्हा राजाचा उजवा हात होता. त्याने सरकारी दप्तर राजघराण्याच्या समाधीत लपवलं आणि रात्री तिथेच, काआहुमानू राणीच्या शवपेटीचं मेज करून, लंडनला पाठवायचे कागद लिहिले. ३१ जुलैला ॲडमिरल रिचर्ड थॉमसने येऊन राज्य परत केलं आणि २८ नोव्हेंबरला ब्रिटन-फ्रान्सने हवाईचं स्वातंत्र्य संयुक्त जाहीरनाम्याने मान्य केलं.

राज्य परत मिळालं, पण धडा राहिला. राज्य गेलं होतं ते एका भूखंडाचा कागद संदिग्ध होता म्हणून. होनोलुलूत असे कितीतरी परदेशी राहत होते की ज्यांची घरं कुणा सरदाराच्या तोंडी परवानगीवर उभी होती. त्यातला कुणीही उद्या आपल्या देशाची युद्धनौका बोलावू शकत होता. तेव्हा जमिनीचे हक्क लेखी, निश्चित आणि परक्या न्यायाधीशाला कळतील असे करणं ही सुरक्षेची बाब होती. नुसत्या लोभाने हे घडलं असं मानलं तर १८४५चा राजा कळणारच नाही.

दुसरी भीती आणखी खोल होती आणि ती राजाच्या सल्लागार मंडळाच्या चर्चांमध्ये स्पष्ट दिसते. उद्या कुणी राज्य जिंकलंच तर काय उरेल? राष्ट्रांच्या प्रघाताप्रमाणे जेता सरकारी मालमत्ता घेतो, खाजगी मालमत्तेला हात लावत नाही. सगळी जमीन राजाकडे राजा म्हणून राहिली तर निशाणाबरोबर सगळीच जाणार. तीच राजाच्या आणि सरदारांच्या खाजगी नावावर असली तर राज्य गेलं तरी जमीन वाचेल. माहेलेच्या मुळाशी हा हिशेब आहे. तो चूक होता का, ते शेवटी पाहू. उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

आयोग आणि वाटणी

१० डिसेंबर १८४५ला जमिनीच्या हक्कांचे वाद मिटवणारा पाच जणांचा आयोग कायद्याने नेमला गेला. विल्यम रिचर्ड्स हा माजी मिशनरी अध्यक्ष, महान्यायवादी जॉन रिकर्ड आणि तीन हवाई सदस्य. त्यांत जॉन ईई हा राजघराण्याच्या विश्वासातला माणूस. हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने १४ फेब्रुवारी १८४८च्या आत दावा दाखल करायचा. जो करणार नाही त्याचा हक्क बुडाला. नोटीस, मुदत, पुरावा, साक्षीदार ही सगळी कोर्टाची रीत होती. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या एकच खाचर कसलं त्याला आता ते आपलं आहे, असा अर्ज करायचा होता.

१८४५मध्येच लाहाइना, कोना अशा ठिकाणांहून रयतेचे विनंतीअर्ज आले होते आणि त्यांवर सह्या हजारोंनी होत्या. मागणं असं : परदेशी माणसांना राज्यात अधिकारपदं देऊ नका, त्यांना प्रजाजन करून घेऊ नका, त्यांना जमीन विकू नका. साक्षरतेच्या लाटेचं हे पहिलं राजकीय फळ म्हणायला हवं. मिशनऱ्यांकडून शिकलेली अक्षरं मिशनऱ्यांच्याच धोरणाविरुद्ध वापरली गेली. सरकारचं उत्तर होतं की परदेशी राष्ट्रांशी व्यवहार करायला त्यांचे कायदे जाणणारी माणसं लागतात. उत्तर खोटं नव्हतं. पण अर्जदारांची दुसरी बाजू, जमीन न विकण्याची, त्या उत्तराने नीट खोडली गेली नाही, नुसती बाजूला पडली.

१८४६च्या शेवटी विल्यम ली हा तरुण अमेरिकी वकील ओरेगनला जाताजाता होनोलुलूत उतरला आणि तिथेच राहिला. त्याच जहाजावर त्याचा मित्र चार्ल्स रीड बिशप होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. रिचर्ड्स १८४७मध्ये वारला आणि आयोगाची सूत्रं लीकडे आली. राजा, सरदार आणि कूळ यांचे हक्क एकाच जमिनीत गुंतलेले. ते सुटे केल्याशिवाय आयोग पुढे सरकेना. तेव्हा राजा आणि सरदार यांनी आधी आपापसात वाटणी करून घ्यावी, असं ठरलं.

२७ जानेवारी १८४८ला वाटणी सुरू झाली आणि ७ मार्चला संपली. चाळीसेक दिवसांत सुमारे अडीचशे सरदार आणि कोनोहिकी एकेक करून राजासमोर आले. त्यासाठी एक वही होती. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एकावर राजाकडे राहणाऱ्या जमिनींची नावं, दुसऱ्यावर सरदाराकडे जाणाऱ्यांची, आणि खाली या वाटणीला माझी संमती आहे, पलीकडच्या पानावर माझा हक्क नाही, अशा अर्थाची सही. पहिली नोंद व्हिक्टोरिया कामामालू या नऊ वर्षांच्या राजकन्येची. तिच्या वतीने पालक उभे होते. मोजणी झालेली नव्हती. नुसती पट्ट्यांची नावं. प्रत्येक पट्ट्याच्या हद्दी गावातल्या जाणत्यांना तोंडपाठ होत्या आणि त्या भरवशावर देशाची वाटणी झाली. इतक्या थोड्या दिवसांत, एकही गोळी न झाडता, एका देशाची सगळी जमीन वाटली गेल्याची उदाहरणं फार नसतील.

८ मार्चला राजाने आणखी एक गोष्ट केली. आपल्या वाट्याला आलेल्या जमिनींतला मोठा भाग त्याने सरकारला देऊन टाकला आणि उरलेला स्वतःच्या नावे ठेवला. एकूण हिशेब ढोबळमानाने असा : सरदारांकडे १६ लाख एकर, सरकारकडे १५ लाख, राजाकडे १० लाख. या तिन्ही प्रकारच्या जमिनींवर ‘कसणाऱ्यांचे हक्क राखून’ असा शेरा होता.

तो शेरा म्हणजेच या प्रकरणाची खरी गोम. सरदारांनी सह्या केल्या, राजाने सह्या केल्या. तिसऱ्या पक्षाचा हिस्सा मात्र पुढे कधीतरी काढायचा म्हणून कागदावर राखून ठेवला गेला. वाटणीच्या वहीत रयतेचं पान नाही.

१८५०चे सात आठवडे

इथे तारखा जवळून पाहायला हव्यात, कारण माझ्या मते दोष माहेलेत तितका नाही जितका तिच्यामागून आलेल्या कायद्यांच्या क्रमात आहे.

२१ जून १८५० : मालक-नोकर कायदा. करारावर आलेला मजूर काम सोडून गेला तर त्याला पकडून आणता येईल, करार वाढवता येईल, तुरुंगातही टाकता येईल. १० जुलै १८५० : परदेशी माणसाला हवाईत जमीन विकत घेऊन पूर्ण मालकीने बाळगता येईल. ६ ऑगस्ट १८५० : कुलेआना, म्हणजे कुळाच्या हक्काच्या तुकड्याचा, कायदा. कसणाऱ्याने आपण कसत असलेला तुकडा आणि पाव एकरापर्यंत घरची जागा, मोजणी आणि साक्षीदारांचा पुरावा दिल्यास, मालकी हक्काने मिळवावी.

म्हणजे मजूर बांधून घेण्याची सोय पहिली, परदेशी गिऱ्हाइकाला बाजारात प्रवेश त्यानंतर, आणि रयतेला कागद मिळण्याची वाट सगळ्यांत शेवटी. बरं, ऑगस्टच्या कायद्याने कागद लगेच मिळाला असंही नाही. आयोगाचं काम ३१ मार्च १८५५पर्यंत चाललं. जवळपास पाच वर्षं परदेशी खरेदीदार रोख पैसे घेऊन उभा होता, सरदाराच्या हाती सही केलेली वाटणी होती आणि कुळाच्या हाती दाव्याचा क्रमांक.

सरदाराची अडचणही समजून घेतली पाहिजे. वाटणीत मिळालेल्या जमिनीची पक्की राजसनद हवी तर सरकारला तिच्या मूळ किमतीचा तिसरा हिस्सा भरायचा, रोख किंवा जमिनीच्या रूपात. रोकड कुणाकडे? जुनी देणी होतीच. वेठीचे दिवस जाऊन पैशातला कर आलेला, पट्ट्यातली माणसं बंदरांकडे निघालेली. जमीन विकणं किंवा गहाण टाकणं हीच सरळ वाट उरली.

आणि कूळ? सुमारे १४ हजार दावे दाखल झाले, आठ हजारांवर मंजूर झाले. मिळालेली एकूण जमीन २८,६०० एकर, म्हणजे सरासरी साडेतीन एकरांच्याही आत. बाकीचे का आले नाहीत, याची कारणं कुठल्याही एका खलनायकात सापडत नाहीत. १८४८-४९मध्ये गोवर, डांग्या खोकला आणि इन्फ्लुएंझाच्या साथी एकामागून एक आल्या. दाव्याची मुदत संपते न संपते तोच दावेदार आणि साक्षीदार दोघेही मरत होते. मोजणीचा खर्च दावेदाराने करायचा होता. कोनोहिकीच्या विरुद्ध दावा लावणं म्हणजे ज्याच्या पाटाचं पाणी आपल्या खाचरात येतं त्याच्याशी वैर. शिवाय अनेकांना दावा करण्याचं कारणच दिसत नव्हतं. सरदार आपला, राजा आपला, आपल्याला इथून कोण उठवणार? आणि कायद्याने मोजला तो फक्त प्रत्यक्ष कसलेला तुकडा. पड टाकलेली जमीन, डोंगरावरची सामाईक रानं, आळीपाळीने लावायची खाचरं यांना कोष्टकात रकानाच नव्हता.

हे सगळं राजाला दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही. कुलेआना कायद्याचा मसुदा सल्लागार मंडळापुढे आला तेव्हा खुद्द राजाने हरकत घेतल्याची नोंद आहे. पूर्ण मालकीचा का असेना, पण एवढासा तुकडा द्यायचा आणि बाकीच्या सवलती तोडायच्या, तर त्या तुकड्याचा लोकांना उपयोग काय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. त्याच्या आग्रहामुळे सातवं कलम आलं. सरपण, घरासाठी लाकूड, दोऱ्यांसाठी साल, शाकारणीचं गवत, ‘ती’ नावाच्या झुडपाची पानं हे त्याच पट्ट्यातून स्वतःच्या वापरापुरतं घेण्याचा हक्क, पिण्याचं पाणी, वाहतं पाणी आणि जाण्यायेण्याची वाट. जुन्या व्यवस्थेचा गाभा कुणाला कळला असेल तर तो या एका माणसाला, आणि त्याने तो एका कलमात जेवढा बसेल तेवढा बसवला.

सल्लागारांचं काय? जड, रिचर्ड्स, परराष्ट्रमंत्री वायली, ली यांनी राजाशी निष्ठेची शपथ घेतली होती आणि परदेशी वकिलांशी भांडताना ती पाळलीही. १८४३चा जड हा भाडोत्री माणूस नव्हता. पण १८५०मध्ये त्याच जडने ओआहू बेटावर कुआलोआची ६२२ एकर जमीन राजाकडून १,३०० डॉलरला घेतली. जमिनीचे कायदे लिहिणारा सरन्यायाधीश ली, १८४९मध्ये काउआई बेटावर सुरू झालेल्या लिहुएच्या ऊसमळ्यात भागीदार होता. आणखी एक भागीदार बिशप. वायलीने पुढे काउआईवरच मळा उभा केला. हे चोरून झालं नाही. खाजगी मालकी आणि भांडवल आलं की आळस जाईल, लोक वाचतील, राज्य समृद्ध होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि त्याच विश्वासावर त्यांचे मळेही उभे होते. लाचखाऊ सल्लागार ओळखता येतो. ज्याचं हित आणि ज्याची श्रद्धा एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत, त्याच्या सल्ल्यातला धोका राजाला कसा दिसावा?

उसाला जमीन मिळाली, हात मात्र स्थानिक मिळेनात. ३ जानेवारी १८५२ला ‘थेटिस’ जहाजातून चिनी मजुरांची पहिली मोठी तुकडी पाच वर्षांच्या करारावर, महिना तीन डॉलरवर आली. जूनमधला कायदा कामाला आला. त्याच वर्षी नव्या राज्यघटनेने प्रौढ पुरुषांना जवळपास सरसकट मताधिकार दिला. मत मिळालं, शेत निसटत होतं, आणि दोन्हीखाली सही एकाच राजाची.

राजाच्या शेवटच्या वर्षांबद्दल थोडक्यात. १८४९मध्ये फ्रेंच ॲडमिरल द त्रोमलॅंने होनोलुलूचा किल्ला उद्ध्वस्त केला. १८५३मध्ये देवी आल्या आणि एकट्या ओआहूवर हजारो माणसं गेली. राज्य अमेरिकेत विलीन करण्याची बोलणी सुरू असतानाच १५ डिसेंबर १८५४ला राजा वारला आणि ती बोलणी त्याच्या वारसाने थांबवली.

हिशेब बरोबर होता का

आता त्या मुख्य हिशेबाकडे : खाजगी जमीन जेत्याच्या हातून वाचते.

राजाने स्वतःसाठी ठेवलेले दहा लाख एकर त्याने खाजगी म्हणूनच ठेवले होते. तो आणि त्याच्यानंतरचा चौथा कामेहामेहा त्या जमिनी हवं तसं विकत, गहाण टाकत होते. १८६३मध्ये चौथा कामेहामेहा गेला आणि वारसाचा प्रश्न कोर्टात आला. विधवा राणी एमाने आपला हिस्सा मागितला. न्यायालयाचा १८६४चा निकाल मधला निघाला : या जमिनी राजाच्या खाजगी आहेत, पण त्या गादीच्या वारसाकडेच जातात. कर्जाने पोखरलेल्या या जमिनी वाचवायला विधिमंडळाने १८६५मध्ये कायदा केला की त्या यापुढे विकता येणार नाहीत, गहाणाची देणी सरकार फेडेल आणि उत्पन्न राजाला मिळेल. हेतू चांगला होता. पण त्या दिवसापासून त्या राजा नावाच्या माणसाच्या राहिल्या नाहीत, राजपदाच्या झाल्या.

१७ जानेवारी १८९३ला लिलिउओकालानी राणीला पदच्युत केलं गेलं. पुढच्या वर्षी प्रजासत्ताकाच्या घटनेने राजपदाच्या जमिनी सरकारजमा केल्या. १८९८मध्ये अमेरिकेने हवाई ताब्यात घेतलं तेव्हा त्या आणि सरकारी जमिनी मिळून सुमारे १८ लाख एकर अमेरिकेकडे गेले. राणीने वॉशिंग्टनच्या दावा न्यायालयात भरपाई मागितली. १९१०मध्ये निकाल लागला : जमिनी पदाच्या होत्या, पद गेलं, हक्कही गेला. १८६५चा तो संरक्षक कायदाच तिच्या विरोधात वापरला गेला. १८४८मध्ये काउइकेआओउलीला जी भीती वाटली होती ती शब्दशः खरी ठरली, आणि त्याने उभारलेली भिंत दरम्यानच्या काळात आपल्याच माणसांनी, सद्हेतूने, काढून टाकली होती.

सरदारांच्या जमिनींचं मात्र वेगळं झालं. कामेहामेहा वंशाचे अनेक सरदार निपुत्रिक वारले आणि त्यांच्या जमिनी एकीकडून दुसरीकडे जात शेवटी बर्निस पाउआही या राजकन्येकडे गोळा झाल्या. तिचा नवरा चार्ल्स रीड बिशप, तोच जो लीबरोबर १८४६मध्ये आला होता. १८८४मध्ये पाउआही गेली तेव्हा तिची मालमत्ता पावणेचार लाख एकरांच्या आसपास होती. ती तिने हवाई मुलामुलींच्या शिक्षणासाठी विश्वस्त निधीत ठेवली. १८८७मध्ये कामेहामेहा शाळा सुरू झाली. सहा वर्षांनी राज्य उलथलं, पुढे देशाचं निशाण बदललं, पण या जमिनीला कुणी हात लावला नाही, कारण ती खाजगी होती. आजही हा न्यास हवाईतला सर्वांत मोठा खाजगी जमीनधारक आहे.

म्हणून माहेलेला सरसकट फसवणूक म्हणणारी मांडणी मला अपुरी वाटते. जेत्यापासून बचाव हे तिचं उद्दिष्ट होतं आणि जिथे जमीन खरोखर खाजगी राहिली तिथे ते साधलं. तिच्यात नव्हता तो गिऱ्हाइकापासूनचा बचाव. तोफांची जहाजं पाहिलेल्या पिढीला धोका समुद्राकडून येईल असं वाटत होतं. तो सब-रजिस्ट्रारच्या टेबलावरून आला. परदेशी खरेदीचा कायदा दहा वर्षं मागे ठेवून आधी कुळांची मोजणी सरकारी खर्चाने झाली असती तर? मजुरांचा आणि पैशांचा तुटवडा पाहता उसाने तरीही जमीन शोधलीच असती. पण तेव्हा विकणारा आपल्या नावाचा कागद हातात घेऊन बसला असता, आणि न विकण्याचा पर्याय त्याच्यापाशी असता. १८४५च्या अर्जदारांचं मागणं एवढंच होतं.

मिळालेल्या कुलेआनांचंही पुढे बरंच झालं-गेलं. भोवतीचा पट्टा मळ्याने घेतला की पाणी वळवलं जायचं. पाण्याविना अळूचं खाचर म्हणजे नुसती चिखलाची जागा. मृत्युपत्र न करता वारलेल्या दावेदारांचे वारस वाढत गेले, काही पिढ्यांत एका एकराचे शंभर हिस्सेदार झाले. मळेवाल्यांनी वर्षानुवर्षांच्या ताब्यावरून मालकी मागितली, वर्तमानपत्रात नोटीस दिली, कुणी आलं नाही, हुकूम झाला. हे दावे थांबलेले नाहीत. फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी २०१४मध्ये काउआईवर सुमारे ७०० एकर घेतले. त्यात विखुरलेल्या कुलेआना तुकड्यांच्या मालकीचा निकाल लावण्यासाठी २०१६च्या शेवटी त्यांच्या वतीने दावे लावले गेले, आणि लोकांचा रोष पाहून जानेवारी २०१७मध्ये ते मागे घेतले गेले.

काउइकेआओउलीने आग्रहाने घालायला लावलेलं सातवं कलम मात्र रद्द झालं नाही. हवाई राज्याच्या सध्याच्या कायद्यात ते जवळजवळ जसंच्या तसं आहे, आणि ओढ्याचं वळवलेलं पाणी परत मागणारे किंवा रानात जाण्याची वाट मागणारे लोक न्यायालयात अजूनही त्याचा आधार घेतात.